गावची जमीन आणि चिखलणीचा खर्च

जोगेश्वरीतील आपल्या कितीतरी घरांची गावे रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात आहेत. मे सरत आला की गावाहून भावाचा फोन येतो, पॉवर टिलरचे भाडे पाठवा. आपण पोटाला चिमटा काढून पाठवितो. तेव्हा या पैशाने होणारी चिखलणी जमिनीचे काय करते, हे माहीत असलेले बरे.

चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. तिच्यात काही पाणी, काही हवा. मुळांना आणि गांडुळांना त्या हवेतला प्राणवायू लागतो. चिखलणीत मातीचे कण सुटे होऊन या पोकळ्या बुजतात. भाताचे त्यामुळे बिघडत नाही. भाताच्या अंगातच हवेच्या पोकळ वाटा असतात, त्यांतून वरची हवा मुळांपर्यंत उतरते. वालाला, हरभऱ्याला ही सोय नाही. भात कापल्यावर जमीन वाळून विटेसारखी होते, तिच्यात वाल खुरटतो आणि दोष बियाण्याला दिला जातो!

चिखल न करताही भात पिकतो. कर्जत तालुक्यात नेरळला श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राईस तंत्र' बसविले. एकदा गादीवाफे करायचे, मग नांगर नाही, चिखल नाही, लावणी नाही. बी थेट टोकायचे. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. ती कुजली की त्यांच्या जागी हवेच्या वाटा तयार होतात, गांडुळे वाढतात. ओणव्याने करायची लावणी टळते, म्हणजे आपल्या मायबहिणींची कंबर वाचते. आमच्या लेखी हे सर्वांत मोठे. मात्र तणासाठी तणनाशक फवारतात, ते आम्हाला खटकते. फवारणारा बहुधा मजूर असतो, त्याच्या तोंडाला फडकेही नसते.

शेणखताचे कामही असेच. त्यावर जगणारे सूक्ष्म जीव चिकट द्रव सोडतात, त्याने मातीचे कण धरून बारीक रवाळ गोळे होतात आणि त्यांच्यामधून हवा खेळते. पण शेण कच्चे नको. ते जमिनीत कुजताना मुळांच्या वाट्याचा प्राणवायू खाते. उकिरड्यात पुरते कुजून काळे, भुसभुशीत झालेले, दुर्गंधी गेलेले खतच घालावे.

सगळी शेती एकदम बदलायला आम्ही सांगत नाही. आधी एक खाचर करून पाहावे. आणि यंदा भाडे पाठविण्यापूर्वी भावाला एवढे करायला सांगा: शेतातले वाळलेले ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडायचे. लगेच फुटून गाळ झाला, तर माती धरून ठेवणारे काही तिच्यात उरलेले नाही. बराच वेळ टिकले, तर जमीन ठीक आहे.