करार आपला, कायदा परक्याचा

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात, हॅडोज रोडवरील शास्त्री भवनाच्या आवारात विदेश व्यापार महासंचालनालयाचे विभागीय कार्यालय आहे. आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट येथील चामड्याच्या निर्यातदारांचा परवाने आणि सवलतींच्या निमित्ताने या खात्याशी संबंध येतो. निर्यातदाराचे शासनाशी जे नाते असते, त्याचे सारे नियम येथे समजतात. मात्र त्याच निर्यातदाराचे जर्मनीतील वा इटलीतील ग्राहकाशी असलेले नाते कोणत्या कायद्याने बांधलेले आहे, हा प्रश्न कोणत्याच खिडकीवर विचारला जात नाही. माल नमुन्याप्रमाणे नाही, असे कळवून ग्राहक पैसे अडवतो, तेव्हा तो प्रश्न उभा राहतो. आणि तोवर त्याचे उत्तर ग्राहकाच्या छापील अटींत लिहिले गेलेले असते.

देशोदेशींच्या व्यापाऱ्यांमधील व्यवहारांना एकच सामाईक कायदा असावा, यासाठीचा सर्वांत यशस्वी प्रयत्न 1980 साली व्हिएन्नात झाला. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या करारांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत जो मसुदा संमत झाला, त्याला सोयीसाठी ‘व्हिएन्ना संहिता’ म्हणू. 1 जानेवारी 1988 पासून ती अमलात आली. अमेरिका, चीन आणि इटली पहिल्याच दिवसापासून तिच्यात आहेत. पुढे जर्मनी, नेदरलँड्स, सिंगापूर, जपान, ब्राझील, व्हिएतनाम असे करीत सदस्य-देशांची संख्या नव्वदीच्या पुढे गेली. भारत मात्र बाहेर आहे. ज्या आयोगाच्या पुढाकाराने ही संहिता घडली, त्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाचा भारत स्थापनेपासूनचा सदस्य आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही अनुपस्थिती अधिकच खटकते.

बाहेर राहिल्याने आपण या संहितेपासून मुक्त आहोत, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. ग्राहकाच्या छापील अटींत ‘या कराराला जर्मन कायदा लागू राहील’ असे एक वाक्य असते. व्हिएन्ना संहिता हा जर्मन कायद्याचाच भाग असल्याने, ती स्पष्टपणे वगळली नसेल, तर त्या वाक्यासरशी आंबूरच्या निर्यातदाराला लागू होते. संहितेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार दोन्ही पक्षांना ती वगळता येते. पण वगळण्यासाठी ती ठाऊक तर हवी! मोठ्या कंपन्यांचे वकील तसे कलम घालून घेतात. ज्याच्याकडे वकील नाही, तो सही करून मोकळा होतो. म्हणजे संहिता आपल्याला लागू होतेच. मात्र ती आपल्या विधि महाविद्यालयांत क्वचित शिकवली जाते, आपल्या वकिलांच्या सरावात येत नाही आणि तिचा अर्थ घडवण्यात आपल्या न्यायालयांचा वाटा नाही.

करारात कायद्याचा उल्लेखच नसेल, तर युरोपीय न्यायालये सामान्यतः विक्रेत्याच्या देशाचा कायदा लावतात. मग भारताचा 1872 चा करार कायदा आणि 1930 चा मालविक्री कायदा परक्या न्यायालयापुढे उलगडून दाखवावा लागतो. त्याचा खर्च लहान निर्यातदाराच्या वादाच्या रकमेहूनही अधिक होऊ शकतो.

दोन कायद्यांतील फरक वरवर क्षुल्लक, पण परिणामाने मोठे असतात. आपल्या करार कायद्यानुसार स्वीकृतीचे पत्र टपालात पडले की प्रस्ताव देणारा बांधला जातो. व्हिएन्ना संहितेनुसार स्वीकृती त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते. अशा एका बारकाव्यावरून आपल्याच देशातील खामगाव आणि अहमदाबाद येथील दोन व्यापाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सरकीच्या पेंडेचा सौदा दूरध्वनीवर ठरला. अहमदाबादहून प्रस्ताव, खामगावहून होकार. मग करार झाला कोठे? 1965 साली बहुमताने निकाल अहमदाबादच्या बाजूने लागला, तर न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदवले. देश एक, कायदा एक, तरीही ही स्थिती. दोन देश आणि दोन कायदे असतील, तर गुंता किती वाढेल, याची कल्पना करावी.

सामाईक संहिता नेहमी बलवान ग्राहकाच्याच बाजूची असते, अशी शंका घेतली जाते. तिला उत्तर देणारा एक निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 1995 मध्ये दिला. स्वित्झर्लंडच्या विक्रेत्याने जर्मन ग्राहकाला न्यूझीलंडचे शिंपले विकले होते. त्यांत कॅडमियमचे प्रमाण जर्मनीत शिफारस केलेल्या मर्यादेपेक्षा अधिक निघाले. ग्राहकाने पैसे देण्यास नकार दिला. न्यायालयाने व्हिएन्ना संहितेच्या आधारे सांगितले, की ग्राहकाच्या देशातील विशेष सार्वजनिक नियम परदेशी विक्रेत्याला ठाऊक असतीलच, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरता येत नाही. ग्राहकाने ते निदर्शनास आणले असतील किंवा तशी खास परिस्थिती असेल, तर गोष्ट वेगळी. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात अडकलेली भारतीय द्राक्षे महाराष्ट्रातील बागायतदार विसरलेले नाहीत. हे तत्त्व त्यांना तारून गेलेच असते, असा दावा करता येणार नाही. युरोपीय बाजारासाठीच पिकवणाऱ्याला तेथील नियम ठाऊक होते, असे न्यायालय म्हणू शकले असते. पण नवा नियम कळवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मांडायला आधार तरी मिळाला असता.

विरोधकांचे आक्षेप मात्र झटकून टाकण्याजोगे नाहीत. शब्द एक असले तरी त्यांचा अर्थ लावणारी न्यायालये अनेक आहेत आणि त्या सर्वांवर एकच सर्वोच्च न्यायपीठ नाही. धान्य, तेलबिया, कापूस यांच्या जागतिक व्यापारातील प्रमाणित करार ही संहिता सहसा वगळतात. ज्या ब्रिटनच्या कायद्यावर आपला कायदा बेतला आहे, ते ब्रिटनही अद्याप बाहेरच आहे. शिवाय मजकूर स्वीकारल्याने काम संपत नाही, हे आपण लवादाच्या बाबतीत अनुभवले आहे. आंतरराष्ट्रीय नमुना कायद्यावर आधारित 1996 चा लवाद कायदा आपण केला. पण परदेशातील लवादात आपल्या न्यायालयांनी किती हस्तक्षेप करावा, याविषयी 2002 च्या निकालाने निर्माण झालेला गोंधळ 2012 मध्ये घटनापीठाला निस्तरावा लागला.

तरीही या अनुभवाचा बोध ‘दूर राहा’ असा नसून ‘तयारीने उतरा’ असा आहे. सामाईक संहिता म्हणजे सार्वभौमत्वाचा बळी, ही समजूत तर आपल्याच इतिहासाशी विसंगत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाखा-शहरांत कराराच्या वादातही हिंदूंना हिंदूंचा आणि मुसलमानांना मुसलमानांचा कायदा लावला जाई. पक्षकार भिन्नधर्मीय असतील, तर प्रतिवादीचा कायदा चाले. 1872 च्या कायद्याने मद्रासचा चेट्टियार आणि मुंबईचा भाटिया यांना एका करारभाषेत आणले. ते करताना त्याने व्यापारातील रूढी मोडीत काढल्या नाहीत. कायद्याशी विसंगत नसलेल्या प्रथा त्याने जपल्या. 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याने हुंडीच्या स्थानिक प्रघातांनाही तशीच जागा ठेवली. ते कायदे परकीय सत्तेने लादले होते, हे खरे. म्हणूनच या वेळी संहिता स्वीकारायची ती स्वतःच्या संसदेत चर्चा करून. संविधानाच्या 253 व्या अनुच्छेदाने संसदेला तो अधिकार दिलेला आहे.

विधि आणि वाणिज्य मंत्रालयांनी प्रथम आपली भूमिका लेखी स्वरूपात लोकांपुढे ठेवावी. सामील व्हायचे नसेल, तर त्याची कारणे सांगावीत. व्हायचे असेल, तर सहभागाचा दस्तऐवज दिल्यानंतर संहिता लागू होईपर्यंत किमान बारा महिने मिळतात. ते न्यायाधीश, वकील आणि निर्यातदार यांच्या प्रशिक्षणासाठी वापरावेत. आणि निर्णय काहीही होवो, एक काम उद्याच करता येईल. परवान्याच्या कागदांबरोबर निर्यातदाराच्या हाती त्याच्या भाषेत एक साधे पत्रक द्यावे: तुमच्या कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू आहे, ते सहीपूर्वी वाचा; व्हिएन्ना संहिता हवी की नको, ते ठरवा आणि तसे लिहून घ्या. कारण ही निवड न करणाऱ्यासाठी ती समोरचा करून टाकतो. हे व्यापाऱ्याला जसे लागू आहे, तसेच देशालाही.