पोरींचे पुस्तक

आम्ही आधी आमचा गुन्हा कबूल करतो, म्हणजे पुढचे बोलायला तोंड राहील. २००९ साली आमची भाची अकरावीत होती. सुट्टीत आमच्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघाले. काळे मुखपृष्ठ, त्यावर दोन गोऱ्या हातांच्या ओंजळीत लालभडक सफरचंद. फुटपाथवरून घेतलेली नकली प्रत, पाने सुटायला आलेली. आम्ही ते चाळले. नायक रक्त पिणारा पिशाच्च आणि नायिका त्याच्यावर फिदा, एवढे कळताच आम्ही हसलो. घरातल्या चार माणसांसमोर हसलो. भाचीने पुस्तक परत घेतले आणि एवढेच विचारले, "मामू, किती पानं वाचलीत तुम्ही?"

आम्ही सात-आठ पाने वाचली होती.

स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' ही कादंबरी २००५ मध्ये निघाली. वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात वडिलांकडे राहायला आलेली सतरा वर्षांची बेला, तिच्या वर्गातला देखणा एडवर्ड, जो दिसतो सतराचा पण आहे शंभरीचा पिशाच्च, आणि पुढच्या भागांत लांडग्याचे रूप घेणारा आदिवासी मुलगा जेकब. चौथा भाग २ ऑगस्ट २००८ ला बाजारात आला आणि एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी त्याच्या तेरा लाख प्रती खपल्या. घेणाऱ्या बहुतेक मुली आणि बाया. आमच्या मते सगळा राग इथेच आहे. पुस्तक वाईट आहे याचा राग एवढा मोठा कधीच नसतो. वाईट पुस्तके रोज निघतात.

२००९ च्या जुलैत सॅन डिएगोला कॉमिक्सवाल्यांचा वार्षिक मेळा भरला. 'ट्वायलाइट'च्या चाहत्या मुली तिथे तंबू ठोकून रांगेत बसल्या, तर या पुस्तकाने आमच्या मेळ्याची वाट लावली अशा अर्थाचे फलक झळकले. धरणारे कोण? ज्यांनी स्वतः जन्मभर "एवढे घोडे झालात आणि अजून चित्रांची पुस्तके वाचता?" हे ऐकून घेतले, तेच. त्याच वर्षी स्टीफन किंगसाहेबांनी मेयरबाईंना धड लिहिता येत नाही असा जाहीर निकाल दिला. या किंगसाहेबांना २००३ मध्ये अमेरिकेतला मोठा साहित्यिक सन्मान मिळाला, तेव्हा हॅरल्ड ब्लूम या बड्या समीक्षकाने अशीच नाके मुरडली होती. सासूने छळलेली सून पुढे सासू होते, तसे हे.

आणि आपण मराठीवाले कुठे वेगळे? नारायण धारपांनी याच किंगची कथानके मराठीत आणली. कंदिलाच्या उजेडात धारप वाचणारा मुलगा आपल्याकडे पुढे कौतुकाने आठवणी लिहितो. त्याच वयाच्या मुलीने पिशाच्चाची प्रेमकथा वाचली की ती बिघडली. भीती चालते, प्रेम चालत नाही. (आमच्या आपा चादरीखाली बॅटरी लावून काय वाचत होत्या, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेले नाही.)

कादंबरीची भाषा सैल आहे. एडवर्डच्या रूपाचे वर्णन इतक्यांदा येते की तो संगमरवराचा आहे हे विसरायची सोय नाही. किंगसाहेबांशी आमचे भांडण निकालावर नाही. आमचे भांडण असे की हसणाऱ्यांनी वाचणाऱ्यांना काही विचारलेच नाही. कुणी म्हणाले पोरी मूर्ख आहेत, कुणी म्हणाले पोरी भोळ्या आहेत, या पिशाच्चाच्या नादी लागून उद्या घरात असलाच नवरा शोधतील. दोघांनी मिळून गृहीत धरले की पोरी वाचतात ते गिळतात.

त्या काय म्हणत होत्या ते ऐकायला हवे होते. एडवर्ड रात्री चोरून बेलाच्या खोलीत येतो आणि तिला झोपलेली बघत बसतो. हे प्रेम की पाळत, यावर हमरीतुमरी मुलींमध्येच झाली. तिसऱ्या भागात तिने जेकबला भेटू नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. यावर जितके कडक बोलले गेले तितके आमच्या एखाद्या परिसंवादात बोलले जात नाही. चौथ्या भागात जेकबचा जीव बेलाच्या नुकत्या जन्मलेल्या मुलीवर कायमचा जडतो, ती मोठी झाल्यावर त्याचीच होणार म्हणून. तेव्हा लाखोंनी पुस्तक डोक्यावर घेणाऱ्यांपैकीच कित्येकजणी उखडल्या, प्रती दुकानात परत करा म्हणू लागल्या. ही समीक्षा नाही तर काय आहे?

सगळ्यांना खटकले असे मात्र नाही. एका इंग्रज बाईंनी याच जोडीवर हौसेने लिहिलेली गोष्ट २०११ मध्ये नावे बदलून 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' म्हणून आली आणि तिच्यात नायकाची हुकमत आणखीच वाढली. पण खुद्द लेखिकेला उत्तर द्यावेसे वाटले ते खटकलेल्यांना. बेला दुबळी बाई आहे हा आरोप ऐकून मेयरबाईंनी २०१५ मध्ये सगळी कादंबरी उलटी लिहिली: माणूस मुलगा, पिशाच्च मुलगी. उत्तर पटले की नाही हा वेगळा प्रश्न. कुठल्या बड्या समीक्षकासाठी कुणी आख्खी कादंबरी पुन्हा लिहिल्याचे आम्हाला आठवत नाही.

आता आमची या मुलींबद्दलची तक्रार. एडवर्ड की जेकब, या वादात सगळ्या जगातल्या मुली दोन तटांत उभ्या राहिल्या, पण जेकबची जमात खरी आहे हे फार थोडींनी विचारले. क्विलियूट. ला पुश गावी, समुद्राकाठी, जेमतेम एक चौरस मैलाच्या राखीव जागेत राहणारे लोक. लांडग्यांपासून आपण माणूस झालो अशी त्यांची जुनी कथा आहे. पिशाच्चांशी लढणारे लांडगे त्यात कुठेच नाहीत. मेयरबाईंनी अमेरिकेतले सर्वांत पावसाळी गाव कोणते, असा शोध घेत हा मुलूख निवडला आणि तो न पाहताच पहिला खर्डा लिहिला. कादंबरीत गोरा पिशाच्च शंभर वर्षे स्वतःला आवरतो, क्विलियूट पोरांना राग आवरत नाही. त्यांच्यातला सॅम एका रागाच्या क्षणी आपल्या एमिलीचा चेहरा फाडतो. आपल्या मोहल्ल्यात पाऊल न टाकता लिहिलेल्या कादंबऱ्यांत स्वतःला भेटण्याची सवय असलेल्या आम्हाला हे ओळखू यायला हवे होते. पहिल्या वाचनात आम्हालाही आले नाही.

१८८९ मध्ये हे लोक हंगामाच्या मजुरीला बाहेर गेले असताना त्यांचे गाव जाळले गेले. सव्वीस घरे, आणि त्यांतली पिढ्यांची चीजवस्तू. ते कादंबरीत नाही. पर्यटक आले, दुकानांत लांडग्यांची चित्रे आली, पुस्तकांच्या नि सिनेमांच्या कमाईतला वाटा जमातीकडे आला नाही. मग त्यांनीही वाचक म्हणून जबाब दिला. २०१० मध्ये सिअ‍ॅटलच्या कलासंग्रहालयात क्विलियूटांच्या खऱ्या लांडग्यांचे प्रदर्शन लागले, ते पुढे राजधानी वॉशिंग्टनलाही गेले. त्सुनामीच्या भीतीने उंचावर वस्ती हलवण्यासाठी त्यांना ७८५ एकर जमीन देणारा कायदा २०१२ मध्ये झाला, तो मात्र त्यांच्या स्वतःच्या चिकाटीने. 'ट्वायलाइट'वरचा हा सर्वांत चांगला अभिप्राय, आणि तो नेमका कुणी चवीने वाचला नाही.

भाची आता स्वतः शिकवते. मागच्या ईदला आली तेव्हा तिने विचारले, "मामू, किती पानं झाली?" आम्ही छाती काढून सांगितले, चारही भाग झाले. मग एडवर्डच्या बाजूचे की जेकबच्या? आम्ही म्हणालो, आमचे वय पाहता आम्ही बेलाच्या बापाच्या बाजूचे.

"तो? जेकब जबरदस्तीनं तिचा मुका घेतो, त्याला ठोसा मारताना तिचा हात मोडतो, आणि बाप शाबासकी कुणाला देतो ते वाचलंत ना?"

ती ओळ आमच्या नजरेतून निसटली होती.