खेळांच्या पंगतीतले शेवटचे पान

लग्नाच्या पंगतीत कोणाचे पान कोठे मांडले, यावरून आपल्याकडे एकेकाळी सोयरिकी मोडायची वेळ येत असे. बुफे आला आणि तो मानापमान बराचसा निवला. खेळांच्या जगात मात्र ती पंगत अजून तशीच मांडलेली आहे. वरच्या अंगाला पाटावर क्रिकेट, त्याच्या शेजारी टेनिस-फुटबॉल, मग कुस्ती-कबड्डी, आणि असे करीत करीत अगदी टोकाला, जिथे वाढपी पोहोचेपर्यंत वरण थंड झालेले असते, तिथे काही खेळ मुकाट्याने बसलेले असतात. त्यांतल्या शेवटच्या पानावरच्या खेळाविषयी आज लिहायचे आहे. त्याचे नाव फ्रीस्टाइल स्कूटर.

स्कूटर म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे बजाज चेतक उभी राहते. ही स्कूटर वेगळी. दोन लहान चाके, उभे राहण्यापुरती फळी आणि पुढे हँडल. एक पाय फळीवर ठेवायचा, दुसऱ्याने जमीन मागे ढकलायची. आमच्या वाशीममध्येही वाढदिवसाला ती भेट म्हणून येते, चार-पाच वर्षांची मुले अंगणात तिच्यावर फेऱ्या मारतात आणि वर्षभरात ती माळ्यावर जाते. बहुतेक घरांत तिची कथा इथेच संपते.

जगात इतरत्र मात्र मोठी मुले तिच्यावर चित्तथरारक कसरती करतात. उतारावरून वेगाने येऊन हवेत झेप घ्यायची, अधांतरी असतानाच पायाखालची फळी हँडलभोवती पूर्ण फिरवायची आणि ती परत पायाखाली आल्यावर जमिनीवर उतरायचे, याला टेलव्हिप म्हणतात. हात सोडून हँडलच गरकन फिरवून पुन्हा पकडणे म्हणजे बारस्पिन. यासाठीची स्कूटर खेळण्याच्या दुकानातली नसते. तिला घडी घालायचा सांधा नसतो, कारण तोच आधी मोडतो. चाके भरीव युरेथेनची, साधारण ११० ते १२० मिलिमीटर व्यासाची. स्प्रिंगचा आधार नाही, हवेच्या टायरची मऊ गादी नाही. त्यामुळे उतरतानाचा धक्का थेट घोट्यात आणि गुडघ्यात बसतो. फिरणाऱ्या फळीचा अंदाज चुकला, तर ती नडगीवर आदळते.

धाकट्याची थट्टा

एवढे असूनही स्केटबोर्डवाले आणि बीएमएक्स सायकलवाले या मुलांना आपल्यात धरायला नाखूश असतात. त्यांचे आक्षेप तीन. हातात हँडल असल्यामुळे हा खेळ सोपा आहे, हा पहिला. यातल्या कसरती आणि त्यांची नावे सायकलवाल्यांकडून उसनी घेतली आहेत, हा दुसरा. आणि स्केटपार्कमध्ये, म्हणजे चढउतार बांधलेल्या त्या सिमेंटच्या मैदानावर, स्कूटरची लहान मुले पाळी न पाहता मध्येच घुसतात, हा तिसरा.

तिसऱ्यात तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. आठ वर्षांचे पोर वेगात येणाऱ्या सायकलच्या आडवे आले तर दोघांचीही हाडे मोडतात. पण हा दोष वयाचा आणि शिस्त न लावणाऱ्या मोठ्यांचा आहे, खेळाचा नाही. दुसराही आक्षेप खरा आहे, पण उसनवारी कोणत्या खेळाने केली नाही? पहिल्याबद्दल इतकेच म्हणता येईल, की सुरुवात सोपी असणे आणि शिखर सोपे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटीवर सूर काढणे सारंगीपेक्षा सोपे, म्हणून पेटीवादक कमी दर्जाचा ठरत नाही. ऑस्ट्रेलियाचा रायन विल्यम्स स्कूटरवर नावारूपाला आला, पुढे बीएमएक्स सायकलीकडे वळला आणि तिथेही त्याने एक्स गेम्सचे सुवर्णपदक मिळवले. स्कूटरवर कमावलेले अंग आणि धैर्य पोरखेळाचे असते, तर सायकलीवर ते असे कामाला आले नसते.

गंमत पाहा, जे हसतात त्यांचाही इतिहास फारसा वेगळा नाही. स्केटबोर्ड १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात वर आला, तेव्हा तो लाटांवर खेळणाऱ्या मुलांचा रिकामपणचा उद्योग होता. त्याच्याही आधी तिकडची पोरे फळीला स्केटची चाके ठोकून, वर लाकडी खोके उभे करून गाड्या पळवीत. म्हणजे ती घरगुती स्कूटरच. खोके निघाले, फळी उरली. बीएमएक्सचा जन्म १९७० च्या आसपास मोटारसायकल शर्यतींची नक्कल करणाऱ्या सायकलवरच्या पोरांतून झाला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्ड आणि फ्रीस्टाइल बीएमएक्स यांना पहिल्यांदा स्थान मिळाले, आणि मुलींच्या स्ट्रीट स्केटबोर्डिंगचे सुवर्ण जपानच्या मोमिजी निशिया हिने अवघ्या तेराव्या वर्षी पटकावले. लहान मुलांचा खेळ म्हणून धाकट्याला हिणवण्याचा अधिकार त्या दिवशी तरी संपायला हवा होता.

आपल्याकडेही चाकांचे वेड जुनेच. आमच्या लहानपणी गॅरेजमधून झिजलेली बेअरिंगे मागून आणायची, फळीला ठोकायची आणि उतारावरून तो खडखडाट गावभर न्यायचा, हा उन्हाळ्याच्या सुटीतला ठरलेला कार्यक्रम असे. त्याला कोणी खेळ म्हटले नाही. गुडघे फोडून आलेल्या मुलाला हळद आणि धपाटा एकदमच मिळे.

मल्लखांबाचा धडा

या स्कूटरचे भवितव्य काय, हे समजून घ्यायला परदेशात जायची गरज नाही. आपला मल्लखांब पुरेसा आहे. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त त्याचा उल्लेख आहे आणि पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले. पण नावातच मल्ल असल्यामुळे तो दीर्घकाळ पैलवानाचा पूरक व्यायाम राहिला. लाल मातीत उतरणारा तो खेळाडू आणि खांबावर चढणारा तो नुसता कसरत करणारा, अशी समजूत होती.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. जगाने टाळ्या वाजवल्या, पण राष्ट्रीय स्पर्धा भरायला १९८१ साल उजाडावे लागले, तेही उज्जैनला. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये त्याला राज्याचा खेळ केले. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. सागर ओव्हाळकर यांना २०२२ चा अर्जुन पुरस्कार आणि उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे पाटावर जागा झाली.

ही जागा मल्लखांबाला कुस्तीची नक्कल करून मिळाली नाही. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा ही त्याची स्वतःची भाषा आहे. गुणदानाचे त्याचे स्वतःचे नियम आहेत आणि पुढच्या पिढीला खांद्यावर घेऊन शिकवणारे गुरू आहेत. स्कूटरवाल्यांनीही हेच करायला हवे असे मला वाटते. सायकलवाल्याने पाठ थोपटावी म्हणून किती दिवस थांबणार? जागतिक पातळीवर वर्ल्ड स्केट या संघटनेने स्कूटरला आपल्या पंखाखाली घेतले आहे आणि आपल्या रोलर स्केटिंग महासंघाच्या प्रकारांतही रोलर स्कूटरचे नाव आहे. दार किलकिले झाले आहे.

आपल्या अंगणातला प्रश्न

वाशीमच्या वाचकाला वाटेल, हे सगळे ठीक, पण आमचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे. पंगतीच्या टोकाला बसवले जाणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार? वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे वत्सगुल्म. पण १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा २०१८ मध्ये देशाच्या यादीत आला तो ‘आकांक्षित’ म्हणून, म्हणजे सभ्य भाषेत मागास म्हणून. शिक्का आधी बसतो, माणूस नंतर दिसतो.

खेळांच्या शिक्क्याचा तर थेट परिणाम घरावर होतो. मूल नवा खेळ मागू लागले की बापाचा पहिला प्रश्न असतो, याचे गुण मिळतात का? मी त्या बापाला दोष देत नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे आणि ते मान्यताप्राप्त खेळांच्या मान्यताप्राप्त स्पर्धांनाच मिळते. सोयाबीनच्या भावावर घर चालणाऱ्या माणसाने प्रमाणपत्राचा हिशेब करू नये, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? पण यादी नेहमी मैदानाच्या मागून येते. आधी मुले खेळतात, मग स्पर्धा होतात, मग मान्यता. मुलांनाच घरी बसवले, तर यादीत लिहायला नाव उरणार नाही. रोलर स्केटिंग हाही एकेकाळी शहरी श्रीमंतांचा चाळा समजला जाई. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलांनी आणि मुलींनी ३००० मीटर रिलेत ब्राँझ आणले आणि २०२५ मध्ये आनंदकुमार वेलकुमार या तरुणाने जागतिक विजेतेपद मिळवले.

मागणे फार मोठे नाही. कोट्यवधींचे स्केटपार्क आज कोणी मागत नाही. शाळेचे सिमेंटचे अंगण संध्याकाळी तासभर उघडे ठेवावे, लहानांची आणि मोठ्यांची वेळ वेगळी करावी, हेल्मेट आणि गुडघ्याची गादी यांवाचून कोणाला चढू देऊ नये आणि पाळी पाळायला शिकवावे. एवढे व्यायामाचे कोणतेही शिक्षक करू शकतात.

मला काळजी आहे ती बारा-तेरा वर्षांच्या वयाची. त्या वयात मूल हसू होण्याला पडण्यापेक्षा जास्त भिते. पडल्याची खपली आठ दिवसांत निघते. ‘एवढा घोडा झाला आणि बाळाची गाडी चालवतो’ हे वाक्य मात्र गल्लीतला कोणीतरी मोठा माणूस सहज बोलून जातो, आणि दुसऱ्या दिवशी ती स्कूटर माळ्यावर जाते. तिच्याबरोबर रोज संध्याकाळी घाम गाळणारे एक शरीरही घरात येऊन मोबाइलपुढे बसते. ते वाक्य आपण आवरले, तरी या जिल्ह्यातल्या खेळाचे बरेच काम होईल.