तुटलेली शिरोरेषा : साखरेच्या पोत्यावरील मराठी

कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. हातकणंगले हे त्याच मार्गावरचे स्थानक. पुढे या तालुक्यात इचलकरंजीचे यंत्रमाग वाढले, गंगानगरला रत्नाप्पा कुंभार यांच्या पुढाकाराने पंचगंगा साखर कारखाना उभा राहिला. कापडाच्या गाठी असोत वा साखरेची पोती, माल बाहेर पडायचा तर त्यावर नाव, वजन, हंगाम उमटवणे आलेच. त्यासाठी लागे अक्षरे कापलेला पत्रा आणि रंगाचा बोळा. (स्टेन्सिल म्हटले की जुन्या पिढीला चक्रमुद्रणाचा मेणकागद आठवतो; हा त्याचा राकट भाऊ.)

रोमन लिपीत हे काम सोपे. मोठ्या अक्षरांपैकी ए, बी, डी, ओ, पी, क्यू, आर या सातांच्याच पोटात बेट असते. ते गळून पडू नये म्हणून पत्र्याची अरुंद पट्टी, म्हणजे पूल, ठेवावा लागतो. १९३७ मध्ये अमेरिकेत जेरी पॉवेल आणि रॉबर्ट हंटर मिडलटन या दोघांनी जवळपास एकाच वेळी असे ठसठशीत टंक काढले. खोक्यांवरची सक्तीची फट तेव्हापासून शोभा ठरली.

देवनागरीची गोष्ट निराळी. ‘व’मध्ये एक बेट, ‘ब’मध्ये तिरप्या रेघेमुळे दोन. ‘प’, ‘म’, ‘ण’ यांची पोटे तर शिरोरेषाच बंद करते. ‘हातकणंगले’ या सहा अक्षरांवर अखंड शिरोरेषा कापली, तर खालचा पत्रा जिभांसारखा लोंबू लागेल. म्हणून अक्षरागणिक रेषा तोडणे भाग पडते. ही तोड कुरूप नाही. हत्याराने लिपीशी केलेला तो समंजस व्यवहार आहे.

मात्र कुठेही तोडून चालत नाही. ‘ध’ आणि ‘घ’ यांतला, तसेच ‘भ’ आणि ‘म’ यांतला भेद बराचसा शिरोरेषेच्या डावीकडील खंडावर उभा आहे. ‘घ’चा पूल त्याच जागी ठेवला की घनाचे धन होते. तो पूल खाली, वाटी दांड्याला मिळते तिथेच हवा.

संगणकावर धडधाकट देवनागरी अक्षरातून एक उभी पट्टी खोडून ‘स्टेन्सिल’ म्हणून मिरवणे ही निव्वळ उसनवारी होय. असा टंक पत्र्यात कापला तर निम्मी बेटे जमिनीवर पडतील आणि उरलेली अक्षरे भलतेच वाचली जातील. पडद्यावर कोणी पत्रा कापत नाही, हा बचाव लंगडा आहे. वाचणाऱ्याचा डोळा तोच असतो. पूल कुठे ठेवायचा हे प्रत्येक अक्षराचे वळण पाहूनच ठरवावे लागेल, रोमनच्या मापाने नव्हे.

अशा टंकाची पहिली परीक्षा जाहिरातीच्या फलकावर घेऊ नये. पत्रा कापावा, जाड गोणपाट अंथरावे आणि ‘घन’, ‘धन’, ‘मात’, ‘भात’ हे चार शब्द त्यावर उमटवून पाहावेत.