डब्लिनचे घड्याळ आणि टाइमझोनचा हिशेब

डब्लिनचे घड्याळ उन्हाळ्यात ग्रिनिचच्या एक तास पुढे असते आणि हिवाळ्यात ग्रिनिचबरोबर चालते. लंडनचेही तसेच चालते, पण दोन्हीकडचे कायदे उलटे आहेत. आयर्लंडने १९६८ च्या कायद्याने पुढची वेळ हीच देशाची प्रमाणवेळ ठरवली आणि १९७१ च्या दुरुस्तीने हिवाळ्यापुरते घड्याळ मागे घेतले. लंडन प्रमाणवेळ सोडते उन्हाळ्यात, डब्लिन हिवाळ्यात.

हा फरक वकिली कीस वाटेल, पण २०१८ मध्ये तो सॉफ्टवेअरला बाधला. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेला टीझेड डेटाबेस आज जगातल्या असंख्य संगणकांना वेळेचे नियम पुरवतो. त्याच्या जानेवारी २०१८ च्या आवृत्तीत डब्लिनची नोंद कायद्याबरहुकूम झाली: हिवाळ्यात उणे एक तास. हंगामी फरक उणे असू शकतो हे जावासह काही प्रणालींनी गृहीतच धरले नव्हते. बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. मे महिन्यात तो परत आला, जुन्या प्रणालींसाठी डेटाचे वेगळे स्वरूप सोबत घेऊन. ज्या प्रोग्रामने ‘आता ग्रिनिचपासून किती अंतर?’ एवढेच विचारले त्याचे काही बिघडत नव्हते. ‘उन्हाळी वेळ चालू आहे का?’ या खुणेवर जो विसंबला तो फसला.

अशा वेळी बाहेरचा एपीआय सोयीचा वाटतो: प्रश्न पाठवावा, उत्तर घ्यावे, डेटाबेस सांभाळण्याची कटकट दुसऱ्याकडे. पण ती सेवाही बहुधा याच डेटाबेसवर चालते आणि तिच्याकडे कोणती आवृत्ती आहे हे ग्राहकाला सहसा दिसत नाही. शिवाय नेटवर्क तुटले, मर्यादा संपली की साधी भेटीची वेळही दाखवता येत नाही. वेळेचे गणित प्रत्येक नोंदीला लागते. त्यासाठी दर वेळी दुसऱ्याचे दार ठोठावणे शहाणपणाचे नाही.

एपीआयची खरी गरज ठिकाण ओळखताना पडते. अक्षांश-रेखांशावरून टाइमझोनचे नाव टीझेड डेटाबेस सांगत नाही, कारण त्यात सीमांचे नकाशे नसतात. डंडॉक आणि न्यूरी ही युरोपीय संघातले आयर्लंड आणि संघाबाहेरचे उत्तर आयर्लंड यांच्या सीमेच्या दोन बाजूंची शेजारी गावे. पहिले युरोप/डब्लिनमध्ये, दुसरे युरोप/लंडनमध्ये. घड्याळे आज एकच वेळ दाखवतात. पण हंगामी बदल बंद करण्याच्या बाजूने युरोपीय संसदेने २०१९ मध्ये मत दिले आहे. ते कधी अमलात आले, तर सीमेच्या दोन्ही बाजूंना वेगळी वेळ लागू शकते. म्हणून ठिकाणाच्या टाइमझोनचे नाव एकदा विचारून जपून ठेवावे. भविष्यातल्या भेटी स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे नाव अशा जोडीने साठवाव्यात, नुसत्या यूटीसीत नव्हे.

पुणे-डब्लिन बैठका ठरवणाऱ्यांनी ‘आयएसटी’ हे लघुरूपही टाळावे: ते भारतीय प्रमाणवेळेचे आहे, तसेच आयरिश प्रमाणवेळेचेही. दोन्हींत साडेचार तासांचे अंतर आहे.

डेटाबेस जवळ ठेवण्याची किंमत एकच, तो वेळेवर अद्ययावत करणे. मोरोक्कोने २०१८ मध्ये आणि लेबनॉनने २०२३ मध्ये घड्याळाचे निर्णय अगदी ऐनवेळी बदलले. वर्षातून एकदा सर्व्हर अपडेट करणाऱ्याला ते पेलणार नाही. नवी आवृत्ती सुरक्षा पॅचच्या तत्परतेने बसवण्याची तयारी असेल, तर एपीआयपेक्षा डेटाबेसच बरा.