हजेरीचे बक्षीस

दिवाळीच्या फराळाबरोबर बर्फाची गोष्ट वाढावी, हे काहींना रुचणार नाही. पण वादळातही कामावर हजर राहणाऱ्यांचे गोडवे इतके ऐकू येतात, की आता गप्प बसवत नाही.

११ मार्च १८८८, रविवार. न्यूयॉर्क शहरात हिवाळा सरत आला होता. हवा सौम्य होती, पाऊस पडत होता, आणि आकाश निवळेल असा वेधशाळेचा अंदाज होता. मध्यरात्रीनंतर पावसाचा बर्फ झाला. सोमवारी सकाळी सोसाट्याच्या वाऱ्यात रस्ते दिसेनासे झाले. शहरात सुमारे २१ इंच बर्फ पडला. वाऱ्याने रचलेले त्याचे ढीग कोठे कोठे वरच्या मजल्याच्या खिडक्यांना टेकले. तरीही कारखान्यातल्या मुली, कारकून, दुकानांतले नोकर घराबाहेर पडले. कामाची आवड म्हणून? छे! खाडा झाला तर रोज बुडायचा, आणि नोकरी जाण्याची धास्ती वेगळीच. उंच पुलांवरून धावणाऱ्या आगगाड्या मध्येच अडकल्या, तेव्हा शिड्या लावून उतारूंना खाली घेण्याचेही लोकांनी पैसे उकळले. एकट्या शहरात सुमारे २०० माणसे दगावली. एकंदर आकडा ४०० च्या घरात गेला.

आपण म्हणाल, बडे लोकही त्या दिवशी चाललेच की! चालले. माजी सिनेटर रॉस्को काँकलिंग वॉल स्ट्रीटवरून आपल्या क्लबकडे पायी निघाले, बर्फात रुतले, पुढे आजारी पडून १८ एप्रिलला वारले. पण घरी राहणे त्यांच्या हाती होते. त्या मुलींच्या हाती ते नव्हते.

पुढे शहर शहाणे झाले म्हणतात. तारा जमिनीखाली गेल्या, १९०४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली. म्हणजे माणसाला कामावर पोचवण्याची सोय झाली. "आज येऊ नका, पगार कापणार नाही," एवढे म्हणायला मात्र ना तार लागते, ना भुयार!

मी शाळामास्तर. पूर्ण हजेरीचे बक्षीस मीही वर्षानुवर्षे दिले. एकदा ओढ्याला पूर असताना छातीभर पाण्यातून आलेल्या मुलाचे वर्गासमोर कौतुक केले. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली नि एवढेच म्हणाली, "गुरुजी, आज शाळा न्हाई म्हणून निरोप धाडला असता, तर काय बिघडलं असतं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते बक्षीस मी बंद केले. रजा देण्याची सही ज्यांच्या हाती आहे, त्यांनी दुसऱ्यांच्या शौर्याचे गोडवे गाऊ नयेत, सही करावी.