शाळेची समिती आणि बायकांची सही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांना भेटायला गेले होते. एका ताईंच्या ओट्यावर आम्ही बोलत बसलो होतो. तेवढ्यात शाळेतला एक मुलगा वही घेऊन आला. "काकू, सरांनी सही मागितलीय." ताईंनी पिठाचे हात पदराला पुसले, मुलाने बोट ठेवलं तिथे सही केली. कसली सही, असं विचारलं तर म्हणाल्या, "मी शाळेच्या कमिटीत हाय ना, महिन्याला येती वही." मुलगा निघायच्या आत मी ती वही मागून घेतली.

ते शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग होतं. बैठक झाली, गणपूर्ती झाली, विषय क्रमांक ३: मुलींचे स्वच्छतागृह सुस्थितीत असून वापरात आहे, ठराव सर्वानुमते मंजूर. अनुमोदक म्हणून याच ताईंचं नाव. आणि ताईंची सातवीतली मुलगी त्या वेळी आत घरात झोपून होती. तिची पाळी सुरू होती. शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप, आत पाण्याचा पत्ता नाही, म्हणून दर महिन्याला तीन-चार दिवस ती शाळेत जातच नाही. हे मला ताईंनीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं.

या अंकाचं संपादकीय शाळेच्या समितीवर लिहायचं ठरवलं ते त्या दिवशी. आपण पोलीस ठाण्यात जातो, कोर्टाच्या तारखांना जातो, ग्रामसभेत बायका बोलाव्यात म्हणून वर्षानुवर्षं शिबिरं घेतो. पण जिथे निम्म्या जागा कायद्यानेच बायकांच्या आहेत आणि त्यासाठी निवडणुकीचा फॉर्मसुद्धा भरावा लागत नाही, त्या शाळेच्या समितीकडे आपल्यापैकी किती जणींनी लक्ष दिलं? मी तरी दिलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित खाजगी शाळा सोडून प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या राज्यात समिती साधारण १२ ते १६ जणांची असते आणि दोन वर्षांनी नव्याने निवडली जाते. अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. समितीची कामं तीन: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस, आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग नीट होतो की नाही हे पाहणं. बैठक दर महिन्याला व्हावी आणि तिचं इतिवृत्त लोकांना पाहायला मिळावं, अशी अपेक्षा आहे. याआधीच्या ग्राम शिक्षण समितीत गावातली वजनदार माणसं असायची. पालकांना, त्यातही आयांना, एवढी मोठी जागा पहिल्यांदाच मिळाली.

मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते अगदी बारीक गोष्टींत.

पहिली म्हणजे निवड. पालक सभेची सूचना वडिलांच्या नावाने निघते. कायद्यात 'पालक' याची व्याख्या वडील किंवा आई अशी आहे, पण गावात पालक म्हटलं की पुरुषच उभा राहतो. सभेला आलेले वडील आपसांत ठरवतात आणि 'निम्म्या बायका' भरायची वेळ आली की, "आमच्या मंडळींचं नाव घाला" असं म्हणून मोकळे होतात. बाईला आपण सदस्य झाल्याचं संध्याकाळी स्वयंपाक करताना कळतं. नवऱ्याने टाकलेल्या, माहेरी राहणाऱ्या बाईचं नाव सुचवायला तर कोणीच नसतं. खरं पाहता मुलाच्या शाळेची सगळ्यात जास्त चिंता तिलाच असते. मूल शिकलं नाही तर तिच्यापाशी दुसरं काही नाही.

दुसरी गोष्ट बैठकीची वेळ. सकाळी अकरा. खुरपणीच्या, वेचणीच्या दिवसांत अकरा वाजता कुठली बाई गावात असते? रोज बुडवून यायचं तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? मग 'सदस्या गैरहजर' लिहिण्यापेक्षा वही घरी पाठवणं सोपं. कधी सदस्यबाईंचे मालकच जाऊन बसतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, बायका सरपंच झाल्या आणि त्यांच्या खुर्चीवर नवरे बसू लागले, तेव्हा आपण किती लिहिलं, किती बोललो! २०११ मध्ये राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना मिळाल्या, तेव्हाही तीच चर्चा झाली. शाळेच्या समितीतला सदस्यपती मात्र आपल्या नजरेतून सुटला, कारण तिथे ना गुलाल असतो ना मिरवणूक.

तिसरी गोष्ट विषयपत्रिका. ती सर लिहितात. सरांना मी खलनायक करणार नाही. त्या गावच्या शाळेत वर्ग सात आणि शिक्षक चार. त्यात ऑनलाइन माहिती भरायची, सर्वेक्षणं करायची, निवडणुकीचं काम करायचं. वरून मोबाईलवर निरोप येतो की अमुक ठराव संध्याकाळपर्यंत पाठवा. मग ठराव आधी लिहिला जातो आणि बैठक नंतर 'होते'. पण यातून असं होतं की समितीपुढे येणारे सगळे विषय वरून येतात. गावातून, घरातून, मुलींकडून एकही विषय वर जात नाही. मी त्या शाळेची दोन वर्षांची प्रोसिडिंग वाचली. प्रत्येक ठरावाला सूचक पुरुष, अनुमोदक बाई. बाईने सुचवलेला ठराव एकही नाही.

एकाच विषयावर मात्र या समितीत खरी, जिवंत भांडणं झालेली दिसली. पोषण आहार कोणी शिजवायचा! तिथे चार पैशांचं मानधन आहे, त्यामुळे तिथे सगळ्यांचे आवाज फुटतात. जात तिथेच उघडी पडते. एका वस्तीतली बाई शिजवणार म्हटल्यावर 'आमची पोरं जेवणार नाहीत' असं म्हणणारे पालक त्या गावातही निघाले होते. हे वहीत नाही, बायकांनी सांगितलं. वहीत 'चर्चेअंती' असा एकच शब्द आहे.

एम.एस.डब्ल्यू.ला असताना शेरी अर्नस्टीन यांची १९६९ सालची सहभागाची शिडी आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. आठ पायऱ्या. लोकांना समितीवर घ्यायचं आणि शिक्क्यासारखं वापरायचं, ही तिने सगळ्यात खालची पायरी सांगितली आहे. मला त्यात चांगले मार्क मिळाले होते. ते इथे सांगते, कारण पुढे मी काय केलं तेही सांगायला हवं.

मला फार राग आला होता. पुढच्या महिन्यात समितीतल्या सात बायकांना एकत्र बसवलं, कायदा समजावला आणि मीच एक ठराव लिहून दिला. स्वच्छतागृहाचं कुलूप काढावं, पाण्याची सोय करावी, समग्र शिक्षा योजनेतून येणाऱ्या शाळा अनुदानाचा हिशेब वाचून दाखवावा. १०१ ते २५० पटाच्या शाळेला निकषाप्रमाणे वर्षाला ५०,००० रुपये अनुदान धरलेलं आहे आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी आहे, हे सगळं मी मुद्देसूद मांडलं. सातही जणींनी सह्या केल्या. निघताना त्या ताई हळूच म्हणाल्या, "कुठं सही करायची ते बोटानं दाखवलंत, म्हणून बरं झालं."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. मला मात्र तो बसला. सरांची वही आणि माझा कागद, दोन्हींवर त्यांनी सारख्याच विश्वासाने सही केली होती. माझा हेतू चांगला होता, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर कागद बाजूला ठेवून आम्ही फक्त दोन गोष्टी धरल्या. एक, बैठकीची वेळ. बायकांनीच दिवस सुचवला, आठवडी बाजाराचा. त्या दिवशी कामं बंद असतात आणि दुपारपर्यंत बायका बाजार करून परत येतात. सरांनी थोडी कुरकुर केली, पण शाळेच्या वेळेतच दुपारी तीनची बैठक मान्य केली. दोन, प्रोसिडिंग घरी येणार नाही. बैठकीतच लिहायचं, मोठ्याने वाचायचं, मग सही. ज्या दोघींना वाचता येत नाही त्यांनी ही दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त लावून धरली.

तिसऱ्या बैठकीत स्वच्छतागृहाचा विषय आला. पाण्याच्या जोडणीवर फार वाद झाला नाही. वाद झाला तो साफसफाई कोण करणार यावर. एका सदस्याने सहज सांगितलं, स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच सांगू, दोनशे रुपये जास्त देऊ. ती बाई कुठल्या वस्तीतली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा त्याच वस्तीतल्या एक सदस्या, ज्या आधीच्या दोन्ही बैठकांत भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या, म्हणाल्या, "ज्या हातानं भाकरी, त्याच हातानं ते? आन् मग पुन्हा म्हणणार, आमची पोरं तिच्या हातचं खात नाहीत." बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराकडून करून घ्यायचं आणि तसं पत्र द्यायचं ठरलं. माझ्या कागदात हा मुद्दाच नव्हता. मला सुचलाच नव्हता.

पत्राला उत्तर आलं नाही. दोन महिने थांबून बायकांनी कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार केली. या कलमाप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. मैत्रिणींनो, हे कलम लक्षात ठेवा, याला वकील लागत नाही. पाण्याची जोडणी आता झाली आहे. सफाई आठवड्यातून एकदा होते, कधी होतही नाही. कुलूप निघालं, पण दाराची कडी आतून लागत नाही. ताईंची मुलगी आता आठवीला शेजारच्या गावी जाते. तिला याचा काही उपयोग झाला नाही. तिच्या मागच्या मुलींना होईल.

समितीचे हात किती लांब पोहोचतात याचाही भ्रम नको. शिक्षक नेमणं, बदलणं तिच्या हातात नाही. आराखड्याची ती शिफारस करते, मंजूर दुसरेच करतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत तर २०१२ च्या दुरुस्तीने समिती केवळ सल्लागार उरली. आणि मोठे निर्णय तिच्या डोक्यावरून जातात. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा जवळच्या शाळांत मिळवायचं ठरलं. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेची कल्पना आली. वाडीवरची शाळा दोन-तीन किलोमीटरवर गेली की मुलगे सायकलवर जातात आणि मुलींना 'आता पुरे' सांगितलं जातं, हे आयांना विचारलं असतं तर त्यांनी कागद न बघता सांगितलं असतं. अशा वेळी समितीचा स्पष्ट, तारखेसह लिहिलेला ठराव हाताशी असेल तर निदान भांडायला पुरावा असतो. ठरावच नसेल तर वर धरून चालतात की गावाची हरकत नव्हती.

नियमाप्रमाणे शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत त्यावर अध्यक्ष आणि सदस्य सचिव यांच्या सह्या होऊन तो वर जायला हवा. त्या गावात या वेळी तो बैठकीत लिहायचं ठरलं आहे. बायकांनी विषय काढून ठेवलेत: दाराची कडी, आठवीला जाणाऱ्या मुलींची एसटी, आणि पालक सभेच्या सूचनेवर आईचं नाव. तिसऱ्या विषयाला सूचक म्हणून वस्तीतल्या त्या सदस्यांचं नाव आहे. अनुमोदक एक वडील आहेत.

तुमच्या गावातल्या, प्रभागातल्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जा आणि मागच्या तीन बैठकांची प्रोसिडिंग मागा. बैठक किती वाजता झाली, सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि वही कुठे बसून लिहिली, एवढं उतरवून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात छापू.